धारित्रावरील व्होल्टांचा आकडा : रेडिओ-नियंत्रित मोटारगाडीच्या संदर्भात

पुण्याच्या महात्मा फुले मंडईपासून पायी काही मिनिटांच्या अंतरावर, बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाचा परिसर आणि तपकीर गल्ली हा विजेच्या व इलेक्ट्रॉनिकीच्या सामानाचा प्रसिद्ध बाजार आहे. प्रकल्पासाठी लागणारे सुटे भाग घेण्यास विज्ञान व अभियांत्रिकी शाखांचे विद्यार्थी येथे नेहमी येतात. २०१४ साली आशिया-पॅसिफिक प्रक्षेपण संघाची ‘रोबोकॉन’ ही यंत्रमानव-स्पर्धा पुण्यात बालेवाडी येथे झाली. अशा स्पर्धांतील वाहने असोत अथवा हौसेने बांधलेल्या लहान रेडिओ-नियंत्रित मोटारगाड्या असोत, त्यांच्या मंडलात धारित्र हा घटक हटकून लागतो. दुकानात त्याला कंडेन्सर किंवा कॅपॅसिटर म्हणतात आणि तो मागताना दोन आकडे सांगावे लागतात : एक मायक्रोफॅरडचा आणि दुसरा व्होल्टचा. पहिला आकडा विद्यार्थी गणित करून आणतो. दुसरा मात्र पुष्कळदा अंदाजाने ठरवला जातो. या दुसऱ्या आकड्याचा नेमका अर्थ काय आणि तो कोणत्या विचाराने निवडावा, याचे विवेचन येथे केले आहे.

प्रथम एक सार्वत्रिक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. धारित्रावर ‘२५ व्होल्ट’ असे छापलेले असले, तर त्यातून २५ व्होल्ट मिळतात, किंवा ते ८ व्होल्टांच्या मंडलात ‘पूर्ण भरत नाही’, असे अनेकांस वाटते. वस्तुतः हा आकडा साठ्याचा नसून मर्यादेचा आहे. मंडईतील भाजीवाल्याच्या काट्यावर ‘कमाल १० किलो’ असे लिहिलेले असते. त्यावरून पारड्यात १० किलो भाजी आहे असे कोणी मानत नाही. धारित्रावरील निर्धारित दाब हा याच जातीचा आकडा आहे. मंडलात जितका दाब असेल तितकाच धारित्रावर येतो. साठलेला विद्युत् भार हा धारकता आणि तो प्रत्यक्ष दाब यांच्या गुणाकाराइतका असतो, तर साठलेली ऊर्जा ही धारकतेचे निम्मे गुणिले प्रत्यक्ष दाबाचा वर्ग इतकी असते. या दोन्ही सूत्रांत निर्धारित दाबाला कोठेही स्थान नाही.

मग ही मर्यादा येते कोठून? लायडनची बरणी १७४५-४६ च्या सुमारास सिद्ध झाली, तेव्हा काचेच्या दोन बाजूंवर विद्युत् भार साठवता येतो एवढेच कळले होते. काचेच्या जागी दुसरा निरोधक पदार्थ घातल्यास धारकता बदलते, हे मायकेल फॅराडे याने १८३७ साली प्रयोगाने दाखवले. दोन धातुपृष्ठांमधील या निरोधक थरास विद्युत् अपारक म्हणतात. थर जितका पातळ तितकी धारकता अधिक, परंतु तितकीच त्याची दाब सोसण्याची शक्ती कमी. धारित्राच्या दोन आकड्यांमधील सारा संघर्ष या एका वाक्यात सामावलेला आहे.

गतिनियंत्रकाशेजारी दिसणारे नळकांडीच्या आकाराचे धारित्र बहुधा ॲल्युमिनियमचे विद्युत् विच्छेद्य धारित्र असते. त्यातील अपारक म्हणजे ॲल्युमिनियमच्या वर्खावर विद्युत्-रासायनिक क्रियेने वाढवलेला ऑक्साइडचा थर होय. या क्रियेत जितका दाब लावावा त्या प्रमाणात थर जाड होतो. हे प्रमाण दर व्होल्टास सुमारे १.२ ते १.५ नॅनोमीटर इतके असते. निर्माता हा थर निर्धारित दाबापेक्षा बऱ्याच अधिक दाबावर घडवतो. २५ व्होल्टांच्या धारित्राचा थर ३५ व्होल्टांच्या आसपास घडवला, तर त्याची जाडी सुमारे ५० नॅनोमीटर, म्हणजे मनुष्याच्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी भरते. एवढ्या थरावर २५ व्होल्ट लावले असता क्षेत्राची तीव्रता दर मिलिमीटरला सुमारे ५ लाख व्होल्ट होते. साधी हवा दर मिलिमीटरला सुमारे ३,००० व्होल्टांतच भंग पावते, हे लक्षात घेतले म्हणजे या थरावरील ताणाची कल्पना येईल.

थर घडवण्याचा दाब आणि छापलेला दाब यांत अंतर असते, म्हणून मर्यादा किंचित ओलांडल्यास तत्काळ स्फोट होत नाही. आंतरराष्ट्रीय मानकानुसार ३१५ व्होल्टांपर्यंतच्या अशा धारित्रांनी निर्धारित दाबाच्या १.१५ पट दाब थोडा वेळ सोसावा अशी अपेक्षा असते. परंतु ही सवलत क्वचित येणाऱ्या, क्षणिक उसळीसाठी आहे. दाब सतत अधिक राहिला तर गळती प्रवाह वाढतो, त्याने उष्णता वाढते, उष्णतेने गळती आणखी वाढते, आतील द्रवाचे विघटन होऊन वायू निर्माण होतो आणि अखेर डब्याच्या माथ्यावरील खाचा फाटून तो बाहेर पडतो. त्या खाचा याच कारणासाठी मुद्दाम पाडलेल्या असतात. धन व ऋण अग्रे उलट जोडल्यास तर एक-दोन व्होल्टांहून अधिक दाब हा थर सोसू शकत नाही.

बाजारात मिळणारे ६.३, १०, १६, २५ आणि ६३ हे आकडे प्रथमदर्शनी विचित्र वाटतात. त्यामागे शार्ल रनार या फ्रेंच लष्करी अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात सुचवलेली भूमितीय श्रेणी आहे. १० च्या पाचव्या मुळाने, म्हणजे सुमारे १.५८ ने, गुणत गेल्यास १, १.६, २.५, ४, ६.३, १० अशी पदे मिळतात. तीच पुढे दहापट होत जातात. या श्रेणीशिवाय ३५ व ५० व्होल्टही प्रचारात आहेत. या आकड्यांचा बॅटरीच्या आकड्यांशी काहीही संबंध नाही, आणि निवडीतील पहिली चूक येथेच घडते.

लिथियम-पॉलिमर घटावर ३.७ व्होल्ट हा नाममात्र दाब छापलेला असतो, परंतु पूर्ण भारित घटाचा दाब ४.२ व्होल्ट असतो. दोन घटांची बॅटरी ७.४ व्होल्टांची म्हणवते आणि ८.४ व्होल्ट देते. तीन घटांची ११.१ ची म्हणवते आणि १२.६ देते. चार घटांची बॅटरी १४.८ व्होल्टांची म्हणून ओळखली जाते, आणि विद्यार्थी तिच्यासाठी १६ व्होल्टांचे धारित्र पुरेसे समजतो. परंतु पूर्ण भारित अवस्थेत तिचा दाब १६.८ व्होल्ट असतो, म्हणजे गाडी जागची हलण्यापूर्वीच मर्यादा ओलांडली जाते. सहा घटांच्या बॅटरीची स्थिती तशीच आहे : २२.२ व्होल्ट हे नाव पाहून २५ व्होल्टांचे धारित्र घेतले, तर प्रत्यक्ष दाब २५.२ व्होल्ट येतो. निकेल-धातू-हायड्राइड घटाचेही असेच आहे. त्याचा नाममात्र दाब १.२ व्होल्ट असला तरी नुकताच भारित केलेला घट १.४ व्होल्टांच्या वर असतो. सारांश, निवडीचा आरंभ नाममात्र दाबापासून नव्हे, तर कमाल दाबापासून करावा.

कमाल स्थिर दाब कळला तरी प्रश्न संपत नाही. काट्यावर ९ किलोची पिशवी हळू ठेवणे आणि उंचावरून टाकणे यांत फरक आहे, त्याचप्रमाणे स्थिर दाब आणि क्षणिक उसळी यांतही आहे. गतिनियंत्रकातील ट्रान्झिस्टर मोटरचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात. बॅटरीपासून येणाऱ्या तारांना थोडी का होईना प्रवर्तकता असते, आणि प्रवाह एकाएकी तोडला की तारांभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रातील ऊर्जेला कोठेतरी जावे लागते. ती सामावून घेणे हे गतिनियंत्रकाच्या मुखाशी असलेल्या धारित्राचे काम होय.

हे आकड्यांत मांडून पाहावे. तारांची प्रवर्तकता ०.३ मायक्रोहेन्री आणि प्रवाह ६० अँपिअर मानल्यास क्षेत्रातील ऊर्जा ०.५४ मिलिजूल भरते. ८.४ व्होल्टांवर असलेल्या ४७० मायक्रोफॅरडच्या धारित्रात ती ओतली, तर त्याचा दाब सुमारे ८.५४ व्होल्टांपर्यंतच चढतो. तेथे १० मायक्रोफॅरडचेच धारित्र असते, तर दाब १३.४ व्होल्टांच्या जवळ गेला असता. तात्पर्य, उसळी किती येईल हे पुष्कळ अंशी धारकतेवर अवलंबून असते, आणि ती सोसेल की नाही हे निर्धारित दाबावर. दोन्ही आकडे एकत्र विचारात घ्यावे लागतात ते यासाठी. तारा लांब केल्यास प्रवर्तकता वाढते. म्हणून बॅटरी दूर बसवण्यासाठी तारा वाढवणाऱ्याने गतिनियंत्रकाजवळ जादा धारित्र लावणे इष्ट असते.

येथे आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. प्रत्येक धारित्राला अंतर्गत रोध असतो. तो ०.०३ ओहम असेल आणि क्षणभर ६० अँपिअर प्रवाह त्यातून वाहिला, तर १.८ व्होल्टांची भर पडून अग्रांवरील दाब १० व्होल्टांच्या पुढे जातो. ही भर ऑक्साइडच्या थरावर येत नाही, कारण ती रोधावरच पडते. तथापि शेजारच्या ट्रान्झिस्टरांस ती सोसावी लागते, आणि रोधात निर्माण होणारी उष्णता धारित्रास सोसावी लागते. ट्रान्झिस्टर अर्धा वेळ चालू असताना मोटरचा प्रवाह ६० अँपिअर असेल, तर धारित्रांवर पडणाऱ्या ऊर्मी-प्रवाहाचे परिणामी मूल्य ३० अँपिअरपर्यंत जाऊ शकते. या आकाराचे एक सामान्य धारित्र मात्र सतत साधारण १ ते २ अँपिअर वाहण्यासाठी बनवलेले असते. गाडीत पूर्ण प्रवाह क्षणभरच लागतो आणि काही वाटा बॅटरीही उचलते, म्हणून निभावते. तरीही अल्प अंतर्गत रोधाची तीन-चार धारित्रे अनेकसरी जोडणे हे एकाच मोठ्या धारित्रापेक्षा श्रेयस्कर ठरते. दाबाचा आकडा कितीही उंच घेतला तरी ऊर्मी-प्रवाहाचा प्रश्न केवळ त्याने सुटत नाही.

रोध लावताना, म्हणजे ब्रेकच्या वेळी, मोटर जनित्राप्रमाणे वागते. बॅटरीकडे ३० अँपिअर परत वाहिले आणि तिचा अंतर्गत रोध ०.०२ ओहम असला, तर दाब ०.६ व्होल्टांनी चढतो. ८.४ चे ९ व्होल्ट होतात. त्याच क्षणी बॅटरीची जोडणी सैल होऊन तुटली तर मात्र निराळेच संकट उद्भवते. २ किलोग्रॅम वस्तुमानाची गाडी सेकंदाला १० मीटर वेगाने धावत असेल, तर तिची गतिज ऊर्जा १०० जूल असते. त्यातील शंभरावा हिस्सा, म्हणजे अवघा १ जूल, ४७० मायक्रोफॅरडच्या धारित्रात शिरला, तर सिद्धांततः दाब ६५ व्होल्टांवर जाईल. प्रत्यक्षात त्याआधीच ट्रान्झिस्टर निकामी होतील. अशा प्रसंगी धारित्राचा कोणताही व्यवहार्य आकडा उपयोगी पडत नाही. तेथे जोडणी पक्की असणे हाच उपाय होय.

गाडीतील दुसरे स्थान ग्राहीच्या पुरवठ्याचे. चाके वळवणारी सर्व्हो मोटर अडली म्हणजे एकाएकी मोठा प्रवाह खेचते, पुरवठ्याचा दाब खाली जातो आणि ग्राही क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होतो. तेवढ्या वेळात गाडीवर चालकाचे नियंत्रण राहत नाही. भरधाव गाडी प्रेक्षकांत शिरण्याचा धोका येथे आहे. २ अँपिअरची मागणी १ मिलिसेकंद भागवताना दाब १ व्होल्टाहून अधिक उतरू द्यायचा नसेल, तर २,००० मायक्रोफॅरड लागतात. म्हणून येथे २,२०० किंवा ४,७०० मायक्रोफॅरडचे धारित्र लावतात. पुरवठा ५ व्होल्टांचा असल्यास ६.३ व्होल्टांचे धारित्र चालून जाते. परंतु पुष्कळ गतिनियंत्रकांत तोच पुरवठा ६ किंवा ७.४ व्होल्टांवर नेण्याची सोय असते. ६ व्होल्टांवर जागा जेमतेम उरते आणि ७.४ वर मर्यादाच मोडते. येथे १० किंवा १६ व्होल्टांचे धारित्र घेणे योग्य.

तिसरे स्थान ब्रश असलेल्या मोटरच्या अग्रांवरचे. ब्रशांपाशी उडणाऱ्या ठिणग्यांतून निर्माण होणारा रेडिओ-गोंगाट दाबण्यासाठी ‘१०४’ असा अंक असलेली, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडची, सिरॅमिक धारित्रे तेथे डाखलेली असतात. ठिणग्यांच्या उसळ्या बॅटरीच्या दाबाहून पुष्कळ उंच असतात. यास्तव तेथे ५० व्होल्ट वा त्याहून अधिक दाबाचे धारित्र वापरतात. लहान सिरॅमिक धारित्रांवर दाबाचा आकडा अनेकदा छापलेलाच नसतो. तो खरेदीच्या वेळीच विचारून घ्यावा.

सिरॅमिक धारित्रांच्या बाबतीत निर्धारित दाबाला एक वेगळा अर्थ आहे. अधिक धारकतेच्या जातींत बेरियम टायटॅनेटसारखे द्रव्य असते आणि त्याची अपारकता दाबाबरोबर घटते. १० व्होल्टांच्या मर्यादेचे लहानसे १० मायक्रोफॅरडचे धारित्र ८ व्होल्टांवर चालवले, तर ते भंग पावणार नाही, परंतु त्याची धारकता निम्म्याहूनही खाली येऊ शकते. येथे मर्यादा न ओलांडताही उद्देश विफल होतो. टँटलमच्या धारित्रांची प्रकृती याच्या उलट : धारकता स्थिर राहते, परंतु मँगनीज डाय-ऑक्साइडयुक्त जातींत थर भंगल्यास पेट घेण्याची शक्यता असते. म्हणून बॅटरीशी सरळ जोडताना ती निर्धारित दाबाच्या निम्म्यानेच वापरण्याचा प्रघात आहे.

दोन धारित्रे एकसरी जोडली म्हणजे त्यांच्या मर्यादांची बेरीज होते, ही समजूतही तपासली पाहिजे. १६ व्होल्टांचे १०० मायक्रोफॅरडचे आणि १६ व्होल्टांचेच ४७ मायक्रोफॅरडचे धारित्र एकसरी जोडून २५ व्होल्ट लावले, तर दाब धारकतेच्या व्यस्त प्रमाणात वाटला जातो. लहान धारित्राच्या वाट्यास १७ व्होल्ट येतात. बेरीज ३२ असूनही एक धारित्र मर्यादेबाहेर जाते. दीर्घकाळात तर ही वाटणी दोघांच्या गळती प्रवाहांवर ठरते. महाधारित्रांच्या मालिकेत हा प्रश्न तीव्र होतो, कारण त्यातील प्रत्येक घटाची मर्यादा सामान्यतः २.७ व्होल्ट असते. १२.६ व्होल्टांसाठी सहा घट एकसरी घेऊन प्रत्येकावर समतोल राखणारे मंडल बसवावे लागते. १० फॅरडच्या अशा सहा घटांत १२.६ व्होल्टांवर सुमारे १३२ जूल मावतात. उलटपक्षी ११.१ व्होल्टांच्या २,२०० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे ८८,००० जूल असतात. महाधारित्र क्षणिक मागणी पुरवील. बॅटरीची जागा ते घेणार नाही.

तर मग सर्वत्र १०० व्होल्टांचेच धारित्र का वापरू नये? विद्युत् दृष्ट्या त्यात धोका नाही, परंतु जाड थरामुळे तेवढ्याच धारकतेसाठी डबा पुष्कळ मोठा होतो. लहान गाडीत त्याला जागा नसते, आणि लांब पायांवर उभे राहिलेले जड धारित्र कंपनाने तुटते. त्याच आकारात उंच दाबाचे धारित्र घ्यावे, तर धारकता घटते आणि उसळी वाढते. म्हणून कमाल स्थिर दाबाच्या दीडपटीच्या आसपासचा प्रमाणित आकडा निवडणे हा समतोल मार्ग होय. दोन घटांसाठी १६, तीन घटांसाठी २५, चार घटांसाठी २५ आणि जागा असल्यास ३५, सहा घटांसाठी ३५ आणि शक्य तर ५० व्होल्ट. त्याबरोबरच १०५ अंश सेल्सियसपर्यंतची तापमान-मर्यादा आणि अल्प अंतर्गत रोध यांचाही आग्रह धरावा. १०५ अंशांना २,००० तास टिकणारे धारित्र, दर १० अंश उतरताना आयुष्य दुप्पट होते या स्थूल नियमाने, ७५ अंशांना सुमारे १६,००० तास टिकते.

दीर्घकाळ पडून राहिलेल्या विद्युत् विच्छेद्य धारित्रातील ऑक्साइडचा थर काहीसा क्षीण होतो. असे धारित्र गाडीत लावण्यापूर्वी प्रयोगशाळेतील नियंत्रित पुरवठ्यावर, १ किलोओहमचा रोधक एकसरी ठेवून, हळूहळू निर्धारित दाबापर्यंत न्यावे आणि गळती प्रवाह उतरत जातो की नाही ते पाहावे. प्रवाह उतरून अल्प मूल्यावर स्थिरावला, तर थर पुन्हा सावरला असे समजावे. तो वाढतच राहिला, तर धारित्र टाकून द्यावे. या कसोटीला डोळ्यांचा चष्मा आणि थोडा संयम याखेरीज विशेष साधन लागत नाही. नंतर ते रोधकातूनच रिकामे करावे. १,००० मायक्रोफॅरडचे धारित्र २५.२ व्होल्टांवर सुमारे ०.३ जूल साठवते, आणि अग्रे सरळ जोडल्यास ठिणगी उडते.

धारित्रावरील व्होल्टांचा आकडा हा निर्मात्याने सशर्त दिलेला शब्द आहे. ठरलेले तापमान, ठरलेला ऊर्मी-प्रवाह, योग्य अग्रे आणि मर्यादेतील दाब या अटी पाळल्या, तरच तो शब्द पाळला जातो. आकडा वाचणे पुरेसे नाही. आपल्या मंडलात कमाल दाब केव्हा, कोठे आणि किती येतो याचे गणित त्याच्या शेजारी मांडावे लागते, आणि ते गणित बाजारात जाण्यापूर्वी झालेले असावे.